नालबंदाच्या दारची गाडीवाट

आळेफाटा
१७ नोव्हेंबर १९९४

जावेदभाई, सलाम.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर नाव अब्बांचं आणि आतला सगळा मजकूर माझ्यासाठी. अब्बांना वाचता येत नाही, म्हणजे वाचून मीच दाखवणार आणि माझी खरडपट्टी माझ्याच तोंडानं निघणार. तशी काढली. एक शब्द गाळला नाही. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कल्यानला पाऊसपानी काय म्हन्तंय, त्ये लिवलंय का?" ते तू लिहिलं नव्हतंस.

आता माझं ऐक. तू लिहितोस, मंचरच्या लोकांनी सिताराला टाकलं, चार माणसं घेऊन जाऊ, समेट करू. मला कुणी टाकलेलं नाही. नवऱ्यानं दुसरी आणली. ती उंबऱ्याच्या आत आली त्या दिवशी मी माझी पेटी उचलली आणि दुपारच्या एसटीनं निघून आले. स्वतःचं तिकीट स्वतः काढलं. टाकलेली बाई अशी येते का? ते स्थळ तू आणलेलं, म्हणून तुझ्या जिवाला लागलंय, हे मला कळतं. पण तुझा शब्द राहावा म्हणून मी सवतीच्या हाताखाली भाकरी थापणार नाही. चार माणसं घेऊन आलास तर चहा पाजीन आणि आल्या वाटेनं परत पाठवीन.

तू अब्बांशी भांडून गेलास त्याला तीन वर्षं झाली. "मला बैलांच्या शेणामुतात आयुष्य काढायचं नाही" असं म्हणून गेलास, ते अब्बा अजून कुणाला सांगत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, पोराला कल्याणला कंपनीत बोलावलं. तेव्हा तू इथं वाईट नाहीस. काळजी करू नकोस.

फाटा मात्र बदलायला लागलाय. रखमाजीनं सगळ्या सायकली विकल्या आणि दुकानावर पिवळी पाटी लावली, एसटीडीची. लोक रांग लावून मुंबईला ओरडतात आणि घरोघरची भांडणं साऱ्या फाट्याला ऐकू येतात. भिकाच्या चहाच्या हॉटेलाची परमिट रूम झाली. शेजारच्या गेणभाऊंनी रसवंतीचा बैल सोडून चरकाला मोटर बसवली, पण घुंगरं काढली नाहीत, मोटरच्या पट्ट्याला बांधली. आवाजाशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही म्हणे.

आपली जागा होती तशी आहे, फाट्याच्या बेचक्यात. तोंड नाशिक रस्त्याला, पाठ गाडीवाटेला. बैल अजून गाडीवाटेनंच येतात. नगर रस्त्यावरून आत वळायचं आणि आपल्या मागच्या अंगाला निघायचं, म्हणजे पुढचे ट्रक लागत नाहीत. अब्बा बैल पाडतात, पाय बांधतात, खूर तासतात, खुराला लोखंडी पत्री ठोकतात. दोर सोडला की बैल त्याच वाटेनं असा सुटतो की मालक कासऱ्याला लोंबत जातो. अजून नालबंद सत्तारभाई म्हटलं की बेल्ह्यापर्यंत माणसं ओळखतात.

आणि एक गोष्ट तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. पुढच्या अंगाला चार पत्रे उभे करून मी पंक्चर काढायला लागले आहे. मंचरला सासऱ्यांचं टायरचं दुकान होतं, तिथं दाराच्या फटीतून बघून बघून शिकले. सासरहून बायका भांडी घेऊन येतात. मी हे घेऊन आले.

तुझी
सितारा

आळेफाटा
१४ ऑक्टोबर १९९६

भाई,

दोन वर्षांनी पत्र लिहिलंस आणि त्यात फक्त शिव्या. तुझ्या चाळीतल्या कुणा ट्रकवाल्यानं येऊन सांगितलं की फाट्यावर एक बाई पदर खोचून टायर खोलते आणि ती तुमच्यातलीच आहे. तुझी मान खाली गेली. त्या ट्रकवाल्याला विचार, त्याचं पंक्चर मी काढलं तेव्हा त्याची गाडी पुढं गेली की नाही? गाडी गेली असेल तर तुझ्या मानेनंही वर यायला हरकत नाही.

पहिल्यांदा लोक हसायचे, हे खरं. ड्रायव्हर खाली उतरायचा आणि इकडं तिकडं बघत विचारायचा, "मालक कुठाय?" मी म्हणायची, "मालक टायर उचकटायची टॉमी शोधतोय, तुम्ही जॅक लावा." गेणभाऊ रसवंतीतून बघायचे आणि डोक्याला हात लावायचे. एकदा म्हणाले, "सितारा, बाईमान्सानं टॉमी धरल्याली आमी तरी कदी बगितली न्हाई गं."

"मग आता बघा," मी म्हटलं. "आणि बघताबघता एक ग्लास रस पाठवा. लई दमले."

त्यांनी पाठवला. आता रोज पाठवतात. आल्याशिवायचा, मला आलं चालत नाही म्हणून.

अब्बा आधी बोलत नव्हते. कितीतरी दिवस पाठमोरे बसून जेवले. मग एके दिवशी असं झालं की त्यांनी अंगणात बैल पाडलेला आणि त्याच वेळेला पुढून ट्रक आत शिरला. हॉर्न ऐकून बैल उसळला, अब्बांच्या मांडीला शिंग लागता लागता राहिलं. मला वाटलं, आता माझे पत्रे उपटून रस्त्यावर फेकणार. त्यांनी बैल मोकळा केला, हात धुतले आणि पायानं मातीत एक रेघ मारली. "ह्या अंगाला तू, त्या अंगाला मी. तुजं गिऱ्हाईक फुडनं यील, माजं मागनं." आता पुढं डिझेलचा वास आणि मागं शेणाचा. मधे घर. मला दोन्ही वास आवडतात.

परवा भादवी पोळा झाला. तुला आठवत असेल, ज्या मालकाच्या बैलाला वर्षभरात इथं पत्री मारली असेल त्यानं पोळ्याला बैल इथं आणायचा आणि जिथं पाडला होता त्याच जागी त्याला पुरणपोळी भरवायची, म्हणजे जागेची भीती निघून जाते. अम्मी भरवायची. आता मी भरवते. हातावर ग्रीस होतं, तरी बैलांनी खाल्लं. बैलांना काही वाटत नाही, भाई, वाटतं ते तुम्हाला.

यंदा बैल कमी आले. शिनोलीकडचे आलेच नाहीत. ट्रॅक्टर घेतलेत म्हणे.

बुशराभाभीला सलाम. पोरीचं नाव काय ठेवलंत? अब्बा दोनदा विचारून झाले.

सितारा

आळेफाटा
२१ मे १९९९

भाई,

हे पत्र नीट वाच. भांडायला लिहिलेलं नाही, काम आहे.

गाडीवाट बंद होत चालली आहे. तुझ्या डोळ्यांसमोर यावं म्हणून पहिल्यापासून सांगते. नगर रस्त्याला, वाटेच्या तोंडाशी आधी व्हिडिओ सेंटर आलं. त्यांनी पोरांच्या चपला ठेवायला एक पत्र्याची शेड काढली, ती निम्म्या वाटेत. कुणी बोललं नाही, कारण एक बैलगाडी जाईल एवढी वाट उरली होती. मग केबल आली आणि व्हिडिओ सेंटर बसलं. जागा खतवाल्यांनी घेतली. आता तिथं भलं मोठं कृषी सेवा केंद्र आहे, आणि मागं त्यांना गोडाऊन बांधायचंय. त्या गोडाऊनची भिंत सरळ वाटेत येते. पाया खणायला चुना टाकलाय.

मी विचारायला गेले. मालक पोरगेलासा आहे, बोलायला गोड. म्हणाला, "ताई, वाट कुठल्या कागदावर आहे, दाखवा." मी तलाठ्याकडं गेले. कागदावर वाट नाही. कधीच नव्हती. बैलगाड्या जात होत्या म्हणून ती वाट होती, आता आठवड्याला एखादी जाते, तर लोकांना तिथं मोकळी जागा दिसते. सगळ्यांनाच फाट्यावर मोकळी जागा पाहिजे. कांद्याच्या वखारी, टोमॅटोचे आडतदार, स्पेअर पार्ट, ढाबे, एकाला एक लागून उभे राहिलेत. ज्या शेतात आपण बोरं वेचायचो तिथं आता ट्रकच्या बॉडीला रंग मारतात.

तर काम असं. गेणभाऊ म्हणतात, हरकत घ्यायची तर जागामालकाच्या घरातल्या गड्यानं येऊन घ्यायला पाहिजे, बाईचं हे लोक ऐकून घेत नाहीत. मला हे पटत नाही, पण ते जगाचं सांगत होते, स्वतःचं नाही. अब्बा भांडणार नाहीत. "वाट काय कुनाच्या बापाची हाय व्हय?" म्हणाले आणि हत्यारं घासायला बसले. तू ये. दोन दिवस ये. तू आणि मी उभे राहिलो तर तो पाया तिथं पडणार नाही. वाट गेली तर अब्बांचा बैल कुठून येईल? पुढच्या रस्त्यानं येणार नाही, हे तुला माहीत आहे.

माझ्यावर राग असेल तर इथं येऊन धर. पण ये.

सितारा

आळेफाटा
९ जुलै १९९९

भाई,

तुझं कार्ड आलं. जसंच्या तसं इथं उतरवून काढते, म्हणजे काय लिहिलंस ते तुझ्याही लक्षात राहील: "तुझं फाट्याचं पुराण पुरे झालं. कोणाचं दुकान गेलं आणि कोणाचं आलं याच्याशी मला काही घेणं नाही. घरचं काही असेल तर लिही."

हे घरचं होतं.

भिंत उभी राहिली. मी एकटी तिला आडवी उभी राहिले होते, दिवसभर. खतवाल्याची बायको येऊन पाणी देऊन गेली आणि गवंडी दुसऱ्या बाजूनं बांधत राहिले. रडले नाही. संध्याकाळी येऊन एका टँकरची सगळी चाकं खोलली.

यापुढंही मी फाट्याचंच लिहिणार. तुला वाचायचं नसेल तर वाचू नकोस.

सितारा

आळेफाटा
१४ फेब्रुवारी २००४

भाई,

आता घरात फोन आहे आणि माझ्या कमरेला मोबाईलही आहे, तरी पत्र लिहिते, कारण फोनवर तू "हां, हां, बरं" म्हणतोस आणि ठेवतोस. कागद ठेवून देता येतो, पण त्याचं तोंड बंद करता येत नाही.

अब्बांनी हत्यारं धुऊन ठेवली. शेवटचा बैल खोडदचा होता. तिकडं त्या आभाळाकडं तोंड करून ठेवलेल्या, रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या ताटल्या आहेत ना, त्यांच्या शेजारी त्या माणसाचं शेत आहे. वाट नाही म्हणून त्यानं बैल टेम्पोत घालून पुढून आणला. बैलाला पत्री मारायला टेम्पो! अब्बा इतके हसले की खोकला लागला. मग म्हणाले, "टेम्पूच घ्यायचा तर त्याला पत्री कशाला ठोकतू? टायर बदल की." त्या माणसालाही हसू आलं. बैल चांगला होता, गप पडून राहिला. अब्बांनी फार हळू काम केलं.

त्यानंतर त्यांनी मागची जागा मला झाडायला लावली आणि बाज टाकून तिथंच पडून असतात. छातीत पाणी आहे असं डॉक्टर म्हणतात. नवीन हॉस्पिटल झालंय, जिथं नवरात्रात तमाशाचा तंबू लागायचा तिथं. रखमाजीच्या एसटीडीत आता मोबाईलचं रिचार्ज आणि झेरॉक्स मिळतं. परमिट रूमच्या वर कॉम्प्युटर क्लास आहे, पोरं एकाच जिन्यानं वर जातात, काही पहिल्या मजल्यावर थांबतात, काही दुसऱ्या. मोटरसायकलचं काचेचं शोरूम झालं. गेणभाऊंची रसवंती आता फक्त उन्हाळ्यात असते, एरवी त्यांचा मुलगा तिथं शीतपेयं आणि हेल्मेट विकतो. मी कॉम्प्रेसर घेतला. हवा भरायला पाय मारावा लागत नाही.

अब्बा तुझं नाव काढत नाहीत. पण पुढं ट्रक थांबला की मान उचलून बघतात आणि ड्रायव्हर उतरला की परत खाली ठेवतात. आता तूच काय ते समज. माझी समजूत झाली आहे.

सितारा

आळेफाटा
६ जानेवारी २००८

भाई,

तू कल्याणला पोहोचलास तोवर इथं गंमत झाली. सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी तुला एक गोष्ट मान्य करते. तू अब्बांच्या मातीला आलास, चाळिसाव्यापर्यंत राहिलास, खड्ड्यात उतरून त्यांना तू ठेवलंस. ते मी विसरणार नाही. तुझ्या पाठीला घाम आलेला मी मागून बघत होते आणि पहिल्यांदा वाटलं की हा माझा भाऊ आहे.

पण चाळिसावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी तू वाटणीचं काढलंस. मला धक्का बसला असं म्हणणार नाही. चांगदेव शेठचा माणूस तुला भिकाच्या हॉटेलात भेटतो, हे मला कळलं होतं. शेठला इथं लॉज बांधायचंय, हे साऱ्या फाट्याला माहीत आहे. तू मामूंना जुन्नरहून बोलावलंस, गेणभाऊंना बसवलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, शरियतप्रमाणे दोन हिस्से माझे, एक सिताराचा. बरोबर आहे. मी हरकत घेतली नाही. तू जागेचे तीन तुकडे पाडलेस: पुढचा, मधला, मागचा. पुढं माझे पत्रे आणि रस्ता, मधे घर, मागं अब्बांचं अंगण आणि विहीर. मग म्हणालास, "मोठ्यानं पाडायचं आणि लहानानं आधी उचलायचं, ही रीत आहे. उचल."

मी पुढचा उचलला.

तू हसलास. मामूंकडं बघून हसलास, ते मी पाहिलं. मामू म्हणाले, "सितारा, विचार कर बेटा, छप्पर भाईकडं जातंय." मी म्हटलं, पुढचाच. तेव्हा मला तुझ्या हसण्याचा अर्थ लागला नाही. वाटलं, बहीण बिनछपराची राहिली म्हणून हसला. ह्या गोष्टीवरून मी दोन दिवस जेवले नाही.

परवा चांगदेव शेठ आला. पांढरी गाडी, मागच्या सीटवर टेप घेतलेला इंजिनिअर. मला बघून म्हणाला, "बाई, आमी जावेदभाईंचं दोन तुकडं घेतुया. मधला आन् मागचा. जरा आत जाऊन बघतो."

"बघा की," मी म्हटलं. "इथून चालत जा, मी अडवत नाही."

ते आत गेले. घरातून मागच्या अंगणात गेले. बराच वेळ तिथं टेप लावत होते. मग शेठचा आवाज यायला लागला. मी हातातली ट्यूब पाण्यात तशीच सोडून मागं गेले. शेठ खतवाल्यांच्या भिंतीकडं तोंड करून उभा होता, आणि इंजिनिअर कागद उलटा-सुलटा करून बघत होता.

"गाडीवाट कुठाय?" शेठनं मला विचारलं. "जावेदभाई म्हनलं, मागनं गाडीवाट हाय, नगर रोडला निघतीया. लॉजच्या गाड्या तितनं जातील."

गेणभाऊ माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. ते इतक्या शांतपणे बोलले की मला हसू आवरेना. "शेठ, ती वाट जाऊन नऊ वर्सं झाली की. आता तितं युरियाची पोती हायेत. तुमाला लॉजला युरिया पायजे का?"

तेव्हा कुठं मला तुझं हसणं कळलं, भाई. तू हिशोब चोख केला होतास. मी घर उचललं असतं तर पुढचा रस्ता तुझा. मी पुढचा उचलला तरी तुझ्या दोन तुकड्यांना मागून वाट आहेच. कसंही झालं तरी तू रस्त्यावर. हिशोबात चूक नव्हती. फक्त तो तू सोडून गेलास त्या फाट्याचा होता. चाळीस दिवस इथं राहिलास, मागच्या अंगणात रोज तोंड धुतलंस, आणि ती भिंत तुला कुणाच्या तरी गोडाऊनची वाटली. तिच्याखाली काय आहे, हे विचारावंसं वाटलं नाही.

शेठ गाडीत बसताना म्हणाला, वाट न्हाई तर सौदा न्हाई. धूळ उडवत गेला. जाताना त्याच्या मागच्या चाकात हवा कमी होती. मी सांगितलं नाही.

सितारा

आळेफाटा
१९ मार्च २००८

भाई,

तुझं पत्र आलं. एवढं लांब पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस. त्यासाठी तरी मी चांगदेव शेठचे आभार मानले पाहिजेत.

तू लिहितोस, मी तुला फसवलं. माहीत असून गप्प बसले. फसवायचं असतं तर पत्रं लिहिली नसती. वाट कशी अर्धी झाली ते लिहिलं, चुना टाकला तेव्हा लिहिलं, भिंत उभी राहिली तेव्हा लिहिलं. पायाच्या आधी तुला हात जोडून बोलावलं. तुला कागदावर माझे हात जोडलेले दिसले नाहीत, तिथं मी काय करू? आणि पुढचा तुकडा मी डाव टाकायला उचलला नाही. माझं पोट तिथं आहे. चौदा वर्षं मी तिथं उकिडवी बसले आहे, ऊन, चिखल, शिव्या, शिट्ट्या सगळं तिथंच खाल्लं. मामूंनी सोन्याचं छप्पर दाखवलं असतं तरी मी तोच उचलला असता. मागची वाट शाबूत असती तरी तोच.

तू लिहितोस, दहा फुटांची वाट लिहून दे, रजिस्टर करून दे, शेठ त्यावर राजी आहे. नाही देणार. तू लिहितोस, मग कोर्टात भेटू. भेटू. मी एसटीचं तिकीट काढून येईन, जुन्नरला म्हण, पुण्याला म्हण. तू लिहितोस, बाईच्या जातीला एवढा हेका शोभत नाही. माझ्या जातीचं मी बघून घेईन.

शेठनं इथंही माणसं पाठवली होती. म्हणाले, बाई, तुमचा तुकडा पण द्या, तुम्हाला लॉजच्या खाली गाळा देऊ, शटरचा. मी विचारलं, गाळ्यात ट्रक मावेल का? ते म्हणाले, टायर बाहेर काढून आत आणायचा. मी त्यांना सांगितलं की मग लॉज बाहेर बांधा आणि माणसं आत आणा. गेणभाऊंना हे इतकं आवडलं की ते आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात आणि दर वेळी थोडं वाढवतात.

हे झालं तुझ्या पत्राचं उत्तर. आता पत्राबाहेरचं.

परवा बुशराभाभीचा फोन आला. तुला न सांगता केला होता, तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस. तुझी कंपनी दिवाळीपासून बंद आहे, गेटाला कुलूप आहे आणि तू रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतोस आणि तलावाच्या कडेला बसून येतोस, हे तिनं सांगितलं. पोरीच्या शाळेच्या फीचं सांगितलं. खोली सोडावी लागेल, हे सांगितलं. ती रडत होती. मला तुझा इतका राग आला, भाई, की हातातला पाना मी भिंतीवर मारला. चाळीस दिवस एका घरात राहिलास, एका ताटात जेवलास आणि एवढं बोलला नाहीस? अब्बांपुढं ताठ, माझ्यापुढं ताठ, आता तलावापुढं ताठ. लाज वाटायची ती मला टायर खोलताना बघून नाही, हे लपवताना वाटायला हवी होती.

मग मी काय केलं ते सांगते.

पत्रे उपटले. माझी शेड होती ना, अगदी मधोमध, ती डाव्या अंगाला सरकवली. पाण्याची टाकी सरकवली. कॉम्प्रेसर गेणभाऊंच्या भिंतीला लावला, त्यांना आवाजाचा त्रास होईल म्हटलं तर म्हणाले, "व्हऊं दे, मला तसंबी ऐकू येत न्हाई." रस्त्यापासून तुझ्या घराच्या दारापर्यंत आता सरळ वाट आहे. दहा फूट मागितलीस, बारा आहे. मुरूम टाकून मी स्वतः चोपून घट्ट केली. कागद केलेला नाही आणि करणार नाही. ही वाट विकता येणार नाही, कारण ती कुठं लिहिलेलीच नाही. तुला, भाभीला, पोरीला, तुमच्या अंथरुणाला, कपाटाला, जे काय असेल त्याला आहे. घराचं छप्पर तुझं आहे, विहिरीला पाणी आहे, अंगण झाडून ठेवलंय. इथं येऊन काय करायचं ते इथं आल्यावर बघ. फाट्यावर अजून कुणी उपाशी मेलेलं नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर तर मरणार नाही.

मला माफी नको, आणि मीही मागणार नाही. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, अब्बांसारखा पाठमोरा बसून जेव. मला त्याची सवय आहे.

फक्त एवढं लक्षात ठेव. चांगदेव शेठ रोज पांढरी गाडी घेऊन इथून जातो आणि ती मोकळी वाट बघून गाडी हळू करतो. त्याला वाटतंय, बाई नरमली. म्हणून मी वाटेच्या बरोबर मधे माझी बाज आडवी टाकली आहे. दिवसा तिच्यावर बसून काम करते, रात्री तिच्यावरच झोपते. शेठ आला, त्याचा इंजिनिअर आला, कोर्टाचा बेलीफ आला, तरी मी तिच्यावरून उठणार नाही.

तू आलास की उचलीन.

सितारा